जुन्या माउझरचा दुहेरी ट्रिगर: सुटे भाग कुणाकडून घ्यावेत, कुणाकडून नाही

आधी निकाल सांगतो, घाईतल्यांची सोय होईल. माउझर ९८ या जर्मन बांधणीच्या जुन्या स्पोर्टिंग रायफलीचा दुहेरी सेट ट्रिगर (दोन चाप; मागचा ओढून ठेवला की पुढचा अगदी हलका होतो) बिघडला असेल, तर ‘सगळ्या ९८ ना बसतो’ असं छापलेला कोरा करकरीत संच मागवू नका. त्यातला मोडलेला पाटा, म्हणजे चपटी स्प्रिंग, नवा करून मिळतो, तो करून घ्या. चाप बदलायचाच असेल तर पुढचा चाप, मागचा चाप, पिना आणि सिअर (गोळी सुटेपर्यंत यंत्र अडवून धरणारा तुकडा) एकाच रायफलीतून उतरलेले घ्या. आणि दुहेरी ट्रिगरचं तुम्हाला काहीच प्रेम नसेल, नुसता स्वच्छ सुटणारा चाप हवा असेल, तर टिमनी या अमेरिकी कंपनीचा एकेरी ट्रिगर बसवून मोकळे व्हा. बाकीचं ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी.

माझी नोकरी टूलरूममध्ये गेली. प्रेसच्या डाय, जिग, गेज. बंदुकीचा कारागीर मी नाही, आणि ट्रिगरच्या आत स्वतः कानस घालत नाही. मोजतो, भिंगातून बघतो, विक्रेत्यांशी हुज्जत घालतो. बसवायचं काम परवाना असलेल्या गनस्मिथचं. रायफल मामांची, कागदपत्रं रीतसर होऊन माझ्या नावावर आली. जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यातली टाइप बी नमुन्याची, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, दोन चापांची. मामांनी ती फार जपली, पण जपणं म्हणजे तेल घालणं अशी त्यांची समजूत होती. त्याबद्दल पुढे येईल.

बिघाड असा होता: मागचा चाप ओढला की ‘टक्’ असा आवाज येऊन तो जागेवर अडकायचा. तो आवाज गेला. मागचा चाप नुसता लुळा हलायला लागला. पुढचा चाप एकटा ओढला तर रायफल सुटायची, पण ती ओढ लांब, जड आणि खरखरीत.

हे यंत्र ज्यांनी उघडून पाहिलं नाही त्यांच्यासाठी चार ओळी, कारण ते कळल्याशिवाय सुटा भाग विकत घेणं म्हणजे पैसे पाण्यात. साध्या ९८ मध्ये बोल्टच्या (मागे-पुढे सरकणाऱ्या दांड्याच्या) मागे कॉकिंग पीस असतो, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या पिनेचं शेपूट; त्याला खालून सिअर अडवून धरते, आणि चाप ओढला की सिअर खाली जाऊन कॉकिंग पीस सुटतो. दुहेरी सेट ट्रिगरमध्ये मधे आणखी एक कारभार येतो. मागचा चाप ओढला की एक चपटा पाटा ताणला जातो आणि मागच्या चापाची वरची पात पुढच्या चापाच्या आकड्यात अडकून बसते. हा उंदराचा सापळा लावण्यातलाच प्रकार आहे. मग पुढच्या चापाला बोट लागायचा अवकाश, पात उसळून सिअरच्या शेपटीवर टोला मारते आणि गोळी सुटते. म्हणजे बोटाला फक्त आकडा सोडवायचा असतो. सिअर हलवण्याचं कष्टाचं काम पाटा करतो. म्हणून ती ओढ शे-दोनशे ग्रॅमवर आणता येते. दोन चापांच्या मधे जो बारका स्क्रू दिसतो तो आकडा किती खोल अडकावा हे ठरवतो. त्या स्क्रूला हौसेनं हात लावणाऱ्यांची मला भीती वाटते. तो थोडा जास्त आत गेला की आकडा केसाएवढ्या कडेवर उभा राहतो, आणि मग बोल्ट जरा जोरात बंद केला तरी सुटतो.

आता खरी गोम. माझ्या रायफलीत सिअर वर, रिसीव्हरला (बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी घराला) पिनेनं लटकलेली आहे. दोन्ही चाप आणि पाटा मात्र खाली, ट्रिगर गार्डच्या लोखंडात बसवलेले आहेत. या दोघांच्या मधे काय? दस्त्याचं लाकूड. पात आणि सिअरची शेपटी यांच्यातली फट लाकडाच्या जाडीवर ठरते. लाकूड आकसलं, तेल पिऊन मऊ पडलं, कुणी रिसीव्हर दस्त्यात धरणारे स्क्रू आवळून आवळून तो खाली बसवला, की फट बदलते. फट कमी झाली तर पात सेट न करताच सिअरला टेकून राहते; जास्त झाली तर टोला पोचता पोचता निम्मा होतो. विक्रेता कितीही प्रामाणिक असो, त्याच्या टेबलावर तुमचा दस्ता नसतो. त्यामुळे ‘जसाच्या तसा बसेल’ असं छातीठोक सांगणाऱ्याला ९८ चा दुहेरी ट्रिगर कळलेला नाही असं खुशाल समजावं.

खरेदीच्या आधी धुणं. पुष्कळ जुने ट्रिगर मोडलेले नसतात, चिकटलेले असतात. वर्षानुवर्षं घातलेलं तेल सुकून लाखेसारखा थर धरतं, त्यात धूळ, त्यात लाकडाचा भुगा. मामांच्या कृपेनं आमच्या ट्रिगरमध्ये हा थर इतका होता, की पिनेचं डोकं कुठं आहे ते आधी शोधावं लागलं. गनस्मिथनं सगळं उतरवून रॉकेलमध्ये भिजत टाकलं, मऊ ब्रशनं घासलं, वाळवलं, तेव्हा पुढच्या चापाची निम्मी खरखर तिथंच गेली. हे काम कुठल्याही चांगल्या गनस्मिथकडे होतं आणि याला सुटा भाग लागत नाही. धुतल्यावरही तक्रार राहिली तरच बाजारात उतरा.

धुतल्यावर दोन गोष्टी उघड झाल्या. पाटा मोडलेला होता, वाकणाच्या जवळ, आडवा. तुकडा भिंगाखाली धरला तर तुटीचा एक भाग काळपट आणि उरलेला चकचकीत, दाणेदार. काळा भाग म्हणजे जुनी चीर; ती कधीची पडलेली होती, तिच्यात तेल झिरपून काळं झालं होतं. चकचकीत भाग परवाचा. चीर जिथून सुरू झाली तिथं पाट्यावर आडवा ओरखडा होता, कुणीतरी कधीतरी कानस आडवी मारलेली. पाट्यावर कानशीचा माग लांबीच्या दिशेनंच हवा, आडवा ओरखडा म्हणजे पुढच्या तुटीची खूण आखून ठेवणं. हे टूलरूममध्ये पोराला पहिल्या वर्षी शिकवतात.

दुसरी गोष्ट, पुढच्या चापाचा आकडा. त्याची धार गोल झाली होती. नुसत्या डोळ्यांनी ठीक दिसत होती. भिंगातून बघितल्यावर कडेवर एक चमकती पट्टी दिसली, म्हणजे वरचा कडक थर घासून गेलेला. असले भाग बहुधा केस हार्डनिंग केलेले असतात. वरचं कातडं कडक, आतलं लोखंड मऊ. कातडं आहे तोवर आकडा पिढ्यान्‌पिढ्या चालतो. ते गेलं, किंवा कुणी ‘ट्रिगर हलका करतो’ म्हणत ऑइलस्टोननं घासून घालवलं, की आतलं मऊ लोखंड उघडं पडतं आणि मग झीज थांबत नाही. असा आकडा घासून धारदार करून मिळेल असं कुणी म्हणालं तर रायफल उचलून घरी यावं.

आता बाजार.

सुरुवात आकृतीपासून करा. अमेरिकेतली न्यूमरिक ही सुट्या भागांची जुनी पेढी, १९५० पासूनची, आणि तिच्या यादीत जुन्या बंदुकांच्या उकललेल्या आकृत्या असतात, प्रत्येक भागाला आकडा. माल घ्या न घ्या, ती आकृती समोर ठेवूनच कुणाशीही बोलावं. कारण ‘ते मधलं छोटं लोखंड’ असं विचारलं तर ‘ते मधलं छोटं लोखंड’च येतं, कुठल्याही रायफलीचं. जर्मन विक्रेत्यांकडे शोधत असाल तर दुहेरी सेट ट्रिगर ‘श्टेखर’ या नावाखाली मिळेल, आणि ओबर्नडॉर्फच्या काळातला माल तिकडेच जास्त निघतो. फक्त एक लक्षात ठेवा. एकाच चापाला पुढे ढकलून सेट करायचा जो प्रकार असतो, ब्र्नोच्या झेडकेके ६०० मध्ये आहे तो, त्यालाही त्याच नावाखाली टाकतात. फोटोत दोन चाप दिसल्याशिवाय पुढे जाऊ नये.

९८ म्हटलं की सगळं एक, हा समज बाजारानंच पसरवला आहे. बांधणी १८९८ ची, पण तिच्यावर जगभर इतक्यांनी हात फिरवला की विचारू नका. महायुद्धानंतर बेल्जियमच्या एफएननं याच धर्तीच्या व्यापारी अ‍ॅक्शन (रिसीव्हर-बोल्टच्या जोड्या) काढल्या, स्वीडनच्या हुस्कवार्नानं त्या घेऊन रायफली बांधल्या, युगोस्लाव्हियात झास्तावानं स्वतःच्या बनवल्या, शिवाय लष्करी रायफलींची नळी आणि दस्ता बदलून केलेल्या स्पोर्टिंग रायफलींना तर गणतीच नाही. युगोस्लाव्ह एम ४८ ची अ‍ॅक्शन नेहमीच्या ९८ पेक्षा साधारण पाव इंच आखूड. नुसती सिअर किंवा पिन घेताना हा पाव इंच आडवा येत नाही. पण ट्रिगर गार्डमध्ये बसणारा दुहेरी संच गार्डसकट घेत असाल तर गार्डचे स्क्रू दस्त्यातल्या भोकांवर येणारच नाहीत. स्वीडिश ९६ हे तर वेगळंच कुळ, जुनं. तिथला भाग ९८ ला सुचवणारा विक्रेता भेटला, तर नमस्कार करून निघावं.

पहिला संच मी नवा मागवला. विक्रेत्याचं नाव घेत नाही, बनवणाऱ्याचं डबीवर नव्हतंच. डबी देखणी, आत फोम, वर निळा कागद, भाग काळे कुळकुळीत. व्यवहार चोख: पैसे दिले, कागद पूर्ण झाले, माल आला. तारीफ इथं संपली. चाप ओतीव होते, आणि ओतल्यावर साच्याची जी शिवण राहते ती चापाच्या मधोमध, बोट टेकतं तिथंच, तशीच सोडलेली. तीही चालली असती. आकड्यावर नवी बारीक कानस टेकवून पाहिली. कडक भागावरून कानस घसरते, पकडत नाही. इथं ती लोण्यात सुरी शिरावी तशी शिरली नाही एवढंच, पण पकडली. मागच्या बाजूला, जिथं काही फरक पडत नाही तिथं पुन्हा टेकवली, तिथंही पकडली. म्हणजे पाणी दिलेलंच नाही, किंवा दिलं असेल तर काळ्या रंगाच्या जाडीएवढं. पिनेची भोकं पिनेपेक्षा इतकी सैल, की चाप उजवी-डावीकडे डुलत होता. सेट ट्रिगरमध्ये चाप डुलला की आकडा दर वेळी वेगळ्या जागी अडकतो, आणि मग स्क्रूनं काहीही जुळवा, आजचं उद्या राहत नाही.

गनस्मिथ पोरगा माझ्यापेक्षा निम्म्या वयाचा आहे, पण हात थंड. त्यानं संच हातात घेऊन दोनदा वाजवला आणि म्हणाला, “काका, हा बसवून देतो. पण रायफल मग तुम्ही एकट्यानंच वापरायची, शेजारी कुणी उभं राहायचं नाही.”

“मग बसवतोस कशाला?”

“तेच तर विचारतोय.”

संच परत पाठवला. विक्रेत्यानं पैसे परत केले, येण्या-जाण्याचा खर्च कापून. त्यांच्या अटींमध्ये तसं लिहिलेलं होतं, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ‘कारखान्याच्या मापाचा, हार्डन केलेला’ या दोन शब्दांबद्दल आहे. ते शब्द अजून त्यांच्या यादीत आहेत.

दुसरा विक्रेता अगदी उलट्या तऱ्हेचा. जुन्या, नळी गेलेल्या रायफली घेतो आणि उतरवून भाग विकतो. याची यादी म्हणजे गोंधळ. निम्म्या भागांना नाव नाही, फोटो अंधारात काढलेले, उत्तर दोन-दोन आठवड्यांनी. पण उत्तर आलं की ते उत्तर असतं. मी विचारलं, पुढचा चाप आहे का. त्यानं उलट मला विचारलं: गार्डच्या दोन स्क्रूंमधलं अंतर किती, सिअरच्या पिनेचा व्यास किती, सिअरची शेपटी सरळ आहे का पायरीची, आणि डाव्या बाजूनं फोटो पाठवा, शेजारी व्हर्नियर ठेवून. मी नोकरीत असताना ज्या माणसांना ऑर्डर द्यायचो त्यातले फार थोडे असं विचारायचे. मापं पाठवल्यावर त्यानं कळवलं की नुसता चाप देणार नाही. दोन्ही चाप, दोन्ही पिना आणि सिअर एकत्रच देईन, कारण ते एकमेकांवर झिजलेले आहेत.

ही अट ऐकून आधी वाटलं की माल खपवतोय. पण विचार केला तर त्याचं बरोबर होतं. आकडा आणि पात, पात आणि सिअरची शेपटी, या जोड्या वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून एकमेकांच्या झालेल्या असतात. एका जोडीतला एक भाग बदलला की नव्या कडा जुन्या खड्ड्यात बसतात, टेकण्याची जागा पूर्ण रुंदीवर येत नाही, एका कोपऱ्यावर सगळा भार येतो. लेआउटची निळी शाई लावून जुन्या चापावर दुसऱ्या कुणाची पात टेकवून बघा; शाई एका टोकालाच पुसलेली दिसेल. त्याच्या संचावर लावली तेव्हा पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ पुसली गेली. मी तो तुकडा बराच वेळ भिंगाखाली फिरवत बसलो होतो. घरच्यांना कळेना, एवढं काय बघतोय.

भाग आले ते वर्तमानपत्रात गुंडाळून, तेलाच्या बोटांचे ठसे तसेच. डबी नाही, फोम नाही. कानस घसरली, जशी घसरायला हवी तशी. एका पिनेवर गंजाचा डाग होता, त्याबद्दल त्यानं आधीच लिहिलं होतं. सिअरवर दोन आकडी क्रमांक ठोकलेला. लष्करी ९८ च्या भागांवर रायफलीच्या क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे असे ठोकत, तेव्हा ही सिअर बहुधा तिकडून फिरून आलेली. संग्राहकाला हे खुपेल. ज्याला क्रमांक जुळणारी रायफल जपायची आहे त्यानं आपले मूळ भाग, मोडलेला तुकडासुद्धा, पिशवीत घालून नाव लिहून ठेवावेत. विकताना ती पिशवी कामाला येते. मीही ठेवली आहे.

पाटा मात्र जुना घेतला नाही. त्याच्याकडे होता, त्यानंच नको म्हटलं. ज्या पाट्याचं आयुष्य किती खर्च झालंय ते बाहेरून दिसत नाही, तो विकत घेण्यात अर्थ नाही. पाटा गनस्मिथच्या ओळखीच्या एका स्प्रिंगवाल्यानं करून दिला. बंदुकीचे पाटे तो नेहमी करत नाही, घड्याळं आणि कुलपांची कामं करतो. जास्त कार्बनच्या पोलादाची पट्टी, मोडलेले दोन तुकडे जुळवून त्यावरून आकार, कानस लांबीच्या दिशेनं, कडा मोडलेल्या, वाकणाची त्रिज्या मूळच्यापेक्षा थोडी मोठी. मग लाल करून तेलात बुडवली, परत पांढरी घासली आणि सावकाश गरम करत निळ्या रंगावर आणली. साध्या कार्बन पोलादाला तीनशे अंशांच्या आसपास तो निळा येतो. पिवळ्यावर थांबलात तर पाटा काचेसारखा मोडतो, निळ्याच्या पुढे राखाडीवर गेलात तर वाकून तसाच राहतो. हा माणूस रंग बघतच नव्हता असं मला वाटलं, गप्पा मारत होता, पण पट्टी नेमक्या क्षणी बाजूला झाली. सगळ्या खरेदीत पैसे सर्वांत चांगले वसूल झाले ते इथं. त्यानं दोन केले होते, दुसरा सुटा म्हणून दिला.

स्प्रिंगचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. काडतूस पेटलं नाही, पिनेचा ठसा उथळ पडला, की लोक ट्रिगरला बोल लावतात. तो दोष पुष्कळदा बोल्टमधल्या मोठ्या स्प्रिंगचा असतो. ती नवी मिळायला काही अडचण नाही, वुल्फसारख्या स्प्रिंगवाल्यांकडे ९८ साठी तयार असते. पण हौसेनं जास्त ताकदीची घालू नये. कॉकिंग पीस सिअरवर तेवढाच जास्त दाबतो, चापाची ओढ जड होते, आणि ज्या कडा वाचवायला आपण एवढा खटाटोप केला त्याच झिजतात.

टिमनीबद्दल लिहायलाच हवं, कारण विचारणारे दहातले नऊ शेवटी तिकडेच जातात. ही अमेरिकी कंपनी १९४६ पासून ट्रिगरच करते. ९८ साठीचा त्यांचा ट्रिगर मित्राच्या रायफलीत बसलेला आहे. ती लष्करी ९८ वरून केलेली स्पोर्टर, तिला मूळचा दोन टप्प्यांचा लष्करी चाप होता. टिमनीचा ट्रिगर म्हणजे एक बंद घर; सिअर, चाप, स्प्रिंग सगळं त्यातच, आणि ते रिसीव्हरला मूळ सिअरच्याच पिनेनं लटकतं. लाकडाशी संबंध संपला. वर सांगितलेली फटीची सगळी कटकट एका फटक्यात गेली. ओढ किती, आकडा किती खोल, सुटल्यावर चाप किती मागे जावा, तिन्हीला वेगळे स्क्रू. सुटतो तो काच तडकावी तसा. मागवताना एवढं बघा की त्यांच्याकडे लष्करी ९८ चा वेगळा, एफएनचा वेगळा, आणि ९१ ते ९६ या जुन्या माउझरचा वेगळा असतो. क्रमांक चुकवला तर परत पाठवणं आलं.

पण ‘तसाच बसतो’ हे इथंही पूर्ण खरं नाही. घर मूळ चापापेक्षा रुंद असल्यानं दस्ता आतून थोडा कोरावा लागतो. आणि नवी सिअर कॉकिंग पीसला जुन्या सिअरपेक्षा किंचित वेगळ्या जागी धरते, त्यामुळे बोल्टवरची सेफ्टीची पात वळायला अडखळू शकते. मित्राच्या रायफलीत अडखळलीच. ती बसवून घेणं हे गनस्मिथचंच काम. सेफ्टी नुसती वळून चालत नाही, वळल्यावर तिनं कॉकिंग पीसला सिअरवरून जरा मागे उचलायला हवं. माझ्या रायफलीत टिमनी न घालण्याचं कारण मात्र यातलं कुठलंच नाही. गार्डमध्ये दोन चापांची फट आहे, तिथं एकच चाप आला तर मोकळी जागा भोकासारखी दिसते. आणि ओबर्नडॉर्फच्या टाइप बीचा दस्ता कोरायची माझी तयारी नाही. ती रायफल मामांनी तशीच ठेवली, मीही ठेवीन. यात तर्क कमी आणि हट्ट जास्त आहे, मान्य.

जुन्या रायफलीत कधी कधी आधीच्या मालकानं कॅनजारसारखा एखादा बाजारी ट्रिगर घातलेला सापडतो. तो उत्तम चालत असेल तर नशीब समजा. बिघडला तर माउझरच्या आकृतीत तो नसतो, आणि त्याचे भाग शोधणं हे माउझरचे शोधण्यापेक्षा अवघड जातं.

बसवून झाल्यावर गनस्मिथनं ज्या चाचण्या घेतल्या त्या मी उभं राहून बघितल्या, तुम्हीही बघा. रायफल रिकामी, दोघांनी वेगवेगळं तपासलेलं, आत नकली काडतूस. बोल्ट जोरात बंद करणं, पुन्हा पुन्हा. सेट न करता दस्ता रबराच्या चटईवर आपटणं. सेफ्टी लावून चाप दाबणं, सोडणं, मग सेफ्टी काढणं. काढताना स्ट्रायकर (काडतुसावर आपटणारी पिन) पडला तर सगळं पुन्हा उघडायचं. सेट करून बोल्ट उघडणं आणि मग पुढच्या चापाला हात लावून पात रिकामी सोडणं, म्हणजे गोळी न झाडता सेट उतरवायची सवय होते. शेवटी वजनमाप. सेट न करता पुढचा चाप दोन किलोच्या जरा खाली, सेट केल्यावर दोनशे ग्रॅमच्या आसपास. पोरानं आणखी हलका करू का म्हणून विचारलंच नाही, आणि मी सांगितलं नाही.

कागदांबद्दल थोडक्यात: ट्रिगरचे भाग कुठं मोकळे विकतात, कुठं बंदुकीइतकेच नियमात धरतात, आणि देशाबाहेरून येत असतील तर पाठवणाऱ्याच्या देशाचाही परवाना लागू शकतो. पैसे देण्याआधी दोन्ही टोकांना विचारून घ्या. जो विक्रेता ‘पाकिटावर सायकलचा पार्ट लिहून पाठवतो’ म्हणतो, त्याच्याशी पुढचं बोलणं नको. मला असा एक भेटला.

रायफल आता चालते आहे. ‘टक्’ परत आलं, आधीपेक्षा किंचित जाड आवाजाचं, पाट्याचं वाकण बदलल्यामुळे असावं. सुटे भाग उतरवून विकणाऱ्याकडे आणखी एक संच आहे असं कळल्यावर मी तोही मागितला, पुढेमागे लागेल म्हणून. त्यानं उत्तर दिलं आहे की तो संच दुसऱ्या शेपटीच्या सिअरचा आहे, माझ्या रायफलीला होणार नाही, आणि होईल असा आला तर कळवेन.